आजची रोजकीर्द

व्यसनमुक्ती केंद्रातून मुलगा घरी परतला म्हणजे पालकांच्या मनात जो पहिला व्यावहारिक प्रश्न उभा राहतो, तो बहुधा त्याच्या प्रकृतीचा नसून वाया गेलेल्या वर्षांचा असतो. 'एखादा सहा महिन्यांचा कोर्स सांगा, आयटीत लावून टाकू, म्हणजे गुंतून राहील,' असे म्हणत माझ्यासमोर बसलेल्या वडिलांच्या स्वरात माया जितकी असते, तितकीच मागची सारी तूट एका फटक्यात भरून काढण्याची घाईही असते. आणि माझी हरकत आहे ती या घाईला. काम हे व्यसनावरचे औषध नव्हे. बुद्धिमत्ता तर नव्हेच नव्हे. आपण रोज ज्या झिप फायली उघडतो, तो प्रकार १९८९ साली अमेरिकेतील मिल्वॉकीच्या फिल कॅट्झने प्रचारात आणला. कंपनी त्याची, कीर्ती त्याची, पैसाही त्याचा, आणि तरीही २००० साली, वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी, मद्यासक्तीतून उद्भवलेल्या विकारांनी त्याचा अंत झाला.

तेव्हा प्रश्न 'आयटीत शिरावे कसे' एवढाच नसून, त्या विस्तीर्ण क्षेत्राच्या कोणत्या दालनात, कोणत्या वेळी आणि कोणत्या गतीने शिरावे, असा आहे. डॉ. अनिल अवचटांच्या 'गर्द' या अमली पदार्थावरील लेखनाने व्यथित झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देऊ केलेल्या साहाय्यातून, व डॉ. अनिता अवचटांच्या परिश्रमांतून, १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. तेव्हापासून 'फॉलो-अप', 'स्लिप', 'फक्त आजचा दिवस' हे शब्द अनेक मराठी घरांत नित्याचे झाले आहेत. यांतला शेवटचा शब्द मला करिअरच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. जन्मभराची शपथ न घेता केवळ आजच्या दिवसाची रोजकीर्द स्वच्छ ठेवायची, ही ज्याला सवय लागली, त्याच्यासाठी संगणकाच्या जगात एक असे दालन आहे की जिकडे आपल्याकडचे महत्त्वाकांक्षी पालक सहसा वळून पाहत नाहीत. सर्व्हर आणि नेटवर्क यांची देखभाल, सॉफ्टवेअरची चाचणी, बॅकअपची निगराणी, ही ती कामे. त्यांत चमक थोडी, हजेरी फार.

या कामातील एका रिवाजाचा तपशील सांगण्यासारखा आहे. एखाद्या संस्थेची यंत्रणा बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली की जाणती मंडळी त्या प्रसंगाची कालक्रमाने कैफियत लिहितात: किती वाजता काय घडले, त्याआधी कोणते इशारे मिळाले होते, ते कोणत्या कारणाने दुर्लक्षिले गेले, आणि पुढे काय बदलायचे. यात कोणाचा कसूर ठरवून त्याला फाशी देण्याचा हेतू नसतो, कारण दोष अंगावर येईल या भयाने माणसे लॉगमधली नोंद दडवू लागली, की पुढचा बिघाड अधिक मोठा होतो. नव्या अभियंत्यांना हे शिकवताना वरिष्ठांच्या नाकी नऊ येतात. परंतु स्लिप झाल्यावर समुपदेशकापुढे बसून, आपण प्यायलो ते शनिवारी खरे, पण सुरुवात मंगळवारीच झाली होती, जेव्हा झोप मोडली, मीटिंग चुकवली आणि जुन्या मित्राचा फोन घेतला, असे ज्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केले आहे, त्याला ही विद्या वेगळी शिकवावी लागत नाही. तिची फी त्याने आधीच, आणि फार महाग, भरलेली असते.

मार्गही सोपे नसले तरी खुले आहेत. दहावीनंतर शिक्षण सुटले असेल तर आयटीआयमधला एक वर्षाचा 'कोपा' हा संगणकाचा ट्रेड आहे. बारावी झालेल्याला मद्रास आयआयटीने २०२० साली सुरू केलेला डेटा सायन्सचा बीएस अभ्यासक्रम आहे. तेथे जेईईची अट नाही, वयाची मर्यादा नाही, आणि अध्येमध्ये प्रमाणपत्र वा डिप्लोमा घेऊन थांबण्याची सोय आहे. खंड पडण्याची धास्ती असलेल्यास ही शेवटची सवलत पहिल्या सवलतीहून महत्त्वाची. लिनक्सकडे ओढा असेल तर रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा पदवी विचारत नाही. ती प्रत्यक्ष यंत्रावर काम करून दाखवायला सांगते. मात्र तिचे शुल्क जड आहे. सबब, अभ्यास घरच्या जुन्या संगणकावर पुरा करून मगच ते भरावे. आणि तो संगणक दार लावून घेण्याच्या खोलीत न ठेवता बैठकीत ठेवावा, कारण रात्रीचा गेम आणि ऑनलाइन रमी हे बाटलीचेच चुलतभाऊ आहेत.

वेळेविषयी मी हट्टी आहे. हिंजवडीतील ज्या नोकऱ्या अमेरिकेच्या घड्याळावर चालतात, त्यांचा पगार कितीही मोहक असो, पहिली दोन वर्षे त्या नाकारण्याचा सल्ला मी देतो; झोप मोडते तेथे निश्चयही मोडू लागतो. सर्व्हरच्या कामातही अपरात्री बोलावणे येते, हे मान्य. म्हणूनच सुरुवात सहकारी बँक, महाविद्यालय, साखर कारखाना अशा ठिकाणच्या, दिवसा रुजू होऊन संध्याकाळी घरी पाठवणाऱ्या संगणक विभागात करावी. शेजारी काय म्हणतील ही चिंता तूर्त बासनात बांधून ठेवावी.

मुलाखतीत खंड पडलेल्या वर्षांविषयी विचारणा होतेच. खोटा अनुभवदाखला कदापि जोडू नये. पडताळणीत तो उघडा पडतो, आणि लपवाछपवीची जुनी सवय पुन्हा जागी होते ती वेगळीच. 'प्रकृतीच्या कारणास्तव खंड पडला, उपचार घेतले, आता कामास समर्थ आहे,' एवढे विधान खरेही आहे आणि पुरेसेही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे, आणि उपचारांच्या गोपनीयतेचा हक्कही रुग्णास दिला आहे.

राहता राहिला पगार. हाती रोख आली की जुन्या वाटा आठवतात. म्हणून पहिला पगार होण्याआधीच त्याची वाटणी कागदावर लिहावी, आणि ती लिहिताना मुलाला समोर बसवावे, त्याच्या पाठीमागे नव्हे. एका बापलेकांना मी सुचवले होते की पगार एक तारखेचा असल्याने फॉलो-अप दोन तारखेला ठेवा. वडिलांनी डायरीत टिपून घेतले. मुलगा जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, 'सर, दोनला नको. पगाराच्या आदल्या दिवशी ठेवा.'