चित्राला पाठ नसते

पोरी, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला अजिंठ्याची चित्रं घेतलीस हे बरं केलंस. वाशिमच्या पोरीनं ती घ्यायलाच हवीत. आपलं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या घराण्यातल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव. सोळा नंबरचं लेणं त्यानं करवून घेतलं, तसा लेखच तिथे कोरलेला आहे. पाचव्या शतकाच्या शेवटाकडची गोष्ट. पहिल्या पानावर एवढं लिही अन् पुढे हो. तुझे मार्क इतिहासाला नाहीत, कपड्याला आहेत.

आता मुद्द्याचं. चित्राला पाठ नसते, नटाला असते. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघ. मुकुट, मोत्यांचे सर, पट्ट्यापट्ट्यांचं धोतर, सगळं समोरून. त्याच्या कमरेची गाठ मागे कशी सुटली, निऱ्यांचं टोक कुठे खोचलं, हे चितारणाऱ्यानं सांगितलं नाही, त्याला गरजच नव्हती. तुझा नट मात्र वळणार, मांडी घालून बसणार, घाईघाईत विंगेत पळणार. म्हणून प्रत्येक पात्राची तीन रेखाटनं काढ: समोरून, बाजूनं, मागून. मागचं आधी काढ. पोरं समोरचं रंगवत बसतात अन् पाठीला शेवटच्या रात्री दोन हूक लावून मोकळी होतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांचं शिवण मी पुष्कळ केलं, हाताशी आलेले जुने कपडेही पाहिले. कपडा फाटतो तो पाठीतच.

मागची बाजू कुठून आणायची? गर्दीच्या चित्रांत. राजा-राणीवर नजर खिळवू नकोस, कोपऱ्यातल्या दासी, वादक, चवरीवाल्या बघ. त्यांत कुणी ना कुणी पाठमोरं सापडतं. दुसरं, घराजवळचं. मानोरा तालुक्यात पोहरादेवीच्या आसपासच्या तांड्यांवर म्हाताऱ्या बायांची कांचळी बघून ये. पाठ उघडी, बंदांवर बांधलेली, तरी दिवसभराच्या कामात जागची हलत नाही. बंद कुठे शिवलाय, किती रुंद आहे, गाठ खांद्याच्या हाडाखाली येते की वर, हे विचारून, हात लावून बघ. बांधणी तेवढी शिकून घे. कांचळीचे आरसे अन् भरतकाम मात्र अजिंठ्याच्या राजकन्येला चिकटवू नकोस. ते देखणं आहे, पण दुसऱ्यांचं आहे.

चित्रं फोनवर पाहून काम सुरू करू नकोस. मेहकर, चिखली, बुलढाणा करत जा, सोमवार सोडून. सोमवारी लेणी बंद असतात. आत फ्लॅश चालत नाही अन् उजेड मंद ठेवलेला असतो. उन्हातून गेल्यावर दहा मिनिटं नुसती बस. डोळे निवले की रंग दिसायला लागतात. कापडाचे तुकडे पिशवीत ने अन् तिथल्या तिथे वहीत नोंद कर, कारण घरी आल्यावर कोणता लाल होता ते आठवत नाही.

पण जो रंग दिसेल तोही मूळचा म्हणून धरू नकोस. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून जाणकार बोलावले. त्यांनी चित्रांवर लाखेचं व्हार्निश दिलं. पुढे ते पिवळं पडलं. नंतर बरंच काढलं, तरी चित्रांवर तपकिरी झाक राहिलीच. अजिंठा म्हटलं की विद्यार्थी सगळं चहाच्या रंगाचं करतात, ते त्यामुळे. चितारणाऱ्याच्या ताटात गेरू होता, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुन्याचा पांढरा, अन् अफगाणिस्तानाकडून आलेल्या लाजवर्दी दगडाचा निळा. तो निळा महाग, म्हणून नेमक्या जागी वापरलेला. तूही निळा जपून वापर. एका पात्राला दे, दहांना नको.

अन् हो, गेरूनं कापड रंगवायला जाऊ नकोस. तो भिंतीवर बसतो, धाग्यात शिरत नाही. पहिल्या धुण्यात बादलीत उतरतो अन् त्याआधी नटाच्या मानेवर. लाल हवा तर तुरटी देऊन मंजिष्ठ. हळदीचा पिवळा उन्हात उडतो, प्रदर्शनाला आठवडाभर टांगायचं असेल तर तो टाळ. वेळ नसेल तर सरळ बाजारचा पक्का रंग घे अन् वहीत तसं लिही. त्यात लाज कसली? रंगवलेला तुकडा मात्र स्टेजच्या दिव्याखाली धरूनच ठरव. लाल दिव्यात हिरवा काळा दिसतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पसंत केलेला पोपटी रंग रंगमंचावर मेलेला मी पाहिलाय.

मग कापणी. अजिंठ्यात सगळं नेसायचंच होतं, शिवलेलं काही नव्हतं, असं कुणी म्हणालं तर पहिल्या लेण्यातल्या महाजनक जातकातली नर्तकी दाखव. तिच्या अंगात लांब बाह्यांचा शिवलेला कपडा आहे. त्याच लेण्याच्या छतावर टोकदार टोप्या घातलेले परदेशी आहेत. म्हणजे शिवण होतीच. कुणाला अन् कशासाठी, हे बघायचं. नाचणारीला शिवलेलं, कारण तिला हात उचलायचेत. तुझी अर्धी उत्तरं तिथेच आहेत. राण्यांच्या उघड्या किंवा झिरझिरीत अंगाचं काय करायचं, हा प्रश्न परीक्षक विचारतीलच. अंगाच्या रंगाचं कापड लावायचं असेल तर दुकानातला फिकट ‘स्किन’ घेऊ नकोस. राणी होणाऱ्या मुलीच्या दंडाशी धरून रंगव. नाहीतर दासींच्या चोळ्यांचा आधार घे, तोही चित्रातलाच आहे.

पहिला कपडा मांजरपाटाचा. रेशीम, मलमल, काहीही घेतलंस तरी आधी मांजरपाट. तो अंगावर टाचून नटीला पाच कामं करायला लाव: खाली बसणं, उठणं, दोन्ही हात वर, पायरी चढणं, मागे वळून बघणं. कुठे ओढतंय तिथे खडूची खूण कर. कमरेचं काही सुटतंय का ते बसल्यावरच कळतं. निऱ्या नेफ्यात पक्क्या शिव अन् वरून कमरबंद घाल, म्हणजे नेसल्यासारखं दिसतं अन् सुटत नाही. लावणीवाल्या शिवलेल्या नऊवारीत नाचतात, तीच युक्ती. शिवणीत माया दोन बोटं ठेव; आज जी नटी आहे ती प्रयोगाला असेलच असं नाही. टिचबटण खांद्याला चालतं, कमरेला नाही. वेलक्रो शांत प्रसंगात करकरतो, मागच्या रांगेला ऐकू जातो.

पट्ट्यांचं कापड अजिंठ्यात जागोजाग आहे. त्याचा फायदा घे. तूच दाखवलेल्या पुस्तकात तो पॅरिसचा शिंपी, सेंट लॉरेंट, १९६५ मध्ये मोंद्रियानच्या चौकटीच्या चित्रांवरून झगे केलेला. त्यानं चौकटी छापल्या नाहीत. रंगाचे तुकडे जोडले अन् अंगाचा घाट त्या काळ्या रेघांच्या शिवणीत लपवला. चित्राची रेघ तीच शिवणीची रेघ. ते मला फार आवडलं. पद्मपाणीच्या पट्ट्यांत तुलाही तसं करता येईल: जिथे पट्टी बदलते तिथे तुकडा जोड, मांडीचा घेर तिथेच सोड. फक्त एक धोतर असं कर, पण नीट कर. उरेब कापड जोडताना ताणलं जातं, म्हणून आधी धावदोरा, मग मशीन.

भानुताई अथैयांचं नाव तुझ्या कॉलेजात रोज निघत असेल. कोल्हापूरच्या चित्रकाराची मुलगी, जे.जे.त शिकलेली, आधी चित्रकार अन् मग वेशभूषेत. १९८३ चं ‘गांधी’चं ऑस्कर सगळ्यांना ठाऊक आहे, तू १९६६ चा ‘आम्रपाली’ बघ. त्यातली वेशभूषा त्यांनी अजिंठ्यावरून घेतली होती. पण आवाज बंद करून बघ. वैजयंतीमाला गिरकी घेते तेव्हा काय हलतं अन् काय जागचं ढळत नाही, एवढंच टिपून घे. जे हलत नाही ते आतून शिवलेलं आहे असं समज अन् कुठे, ते ओळखायचा प्रयत्न कर.

दागिन्यांवर फार वेळ घालवू नकोस. मोती हलके घे, सर मधे मधे कापडाला टाच, नाहीतर वाकल्यावर तोंडावर येतात.

रेखाटनांच्या अन् कापणीच्या कागदांच्या दोन प्रती कर. रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं बसून अजिंठ्याच्या नकला केल्या, १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक गेल्या. मग जे.जे.च्या ग्रिफिथ्सनं विद्यार्थी घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत पुन्हा केल्या; त्यांतल्याही बऱ्याच लंडनलाच जळाल्या. तुझ्याच वयाची पोरं होती ती. एक प्रत वसतिगृहात ठेव, दुसरी माझ्याकडे पाठव, मी शिलाईच्या पेटीत ठेवते.

मापं या आठवड्यात कळव. नटीची उंची अनवाणी घे. पायात काय असेल ते वेगळं लिही. मांजरपाट मी इथूनच घेऊन भिजवून, वाळवून ठेवते, तो आटतो. एका धोतराला पाच मीटर धर, वर एक मीटर चुकण्यासाठी.