आपल्यामागे कोण?

वाचन : २ तीमथ्य २:२

सांगलीहून मिरजेला जाताना वानलेसवाडी लागते. हे नाव डॉ. विल्यम वानलेस यांचे. प्रेस्बिटेरियन मिशनचे हे डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आले. सांगलीत छोट्या दवाखान्यापासून त्यांनी सुरुवात केली. १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. १८९७ पासून त्यांनी इथल्याच तरुणांना वैद्यकीय शिक्षण दिले. म्हणून त्यांच्यामागेही सेवा चालू राहिली. पौलाने तीमथ्याला हीच वाट दाखवली : जे मिळाले ते पुढे शिकवू शकतील अशांच्या हाती द्यावे.

आदिवासी पाड्यावर आपण औषधे पाठवतो. त्याच पाड्यावरची मुलगी नर्स व्हावी म्हणून आपण काय करतो? या तिमाहीत यासाठी प्रार्थना करू या, आणि हातभारही लावू या.