उसाच्या ट्रॉलीमागचा दिवा

बाळा, ट्रॉलीला आर्डुइनो बोर्डानं उघडझाप करणारे दिवे बसवतोयस, तर आधी गाळप हंगामातल्या रात्री भरलेल्या ट्रॉलीमागं पन्नास पावलं जाऊन उभा राहा. ऊस बाहेर आलेला असतो, टेल लॅम्प वाड्याआड गेलेला, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला काहीच दिसत नसतं. प्रोग्राम त्याच्यासाठी लिहायचा आहे.

रंग पिवळाच ठेव. लाल-निळे दिवे पोलीस आणि अग्निशमनवाल्यांचे. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेसुद्धा लाल दिवे उतरले, तेव्हा त्या नादाला लागूच नकोस.

दोन्ही बाजूंचे दिवे एकदम लागू देत. आळीपाळीनं लावले की छान दिसतात, पण ट्रॉली किती रुंद आहे ते मागच्याला कळत नाही. १२० मिलिसेकंद चालू, १२० बंद, पुन्हा १२० चालू, मग ६४० बंद. सेकंदाला दोन झपके झाले. तिनाच्या वर कधी जाऊ नकोस. फार वेगानं होणाऱ्या उघडझापीनं अपस्माराच्या काही रुग्णांना झटका येऊ शकतो.

आता मुख्य गोष्ट. आर्डुइनोत 'डिले' लिहून हे मोजक्या ओळींत होतं, म्हणून सगळे तेच करतात. पण डिले चालू असेपर्यंत प्रोग्राम तिथंच अडून राहतो. तेवढ्यात ड्रायव्हरनं कारखान्याच्या फाट्यावर वळायला इंडिकेटर दिला, तर तो आपल्याच पिवळ्या झपक्यांत हरवतो. म्हणून 'मिलिस' वापर. आत्ताच्या वेळेतून मागची वेळ वजा कर, ठरलेलं अंतर झालं असेल तरच दिवा बदल, नाहीतर पुढं जाऊन इंडिकेटरची वायर बघ. ती थेट पिनला जोडायची नाही. वर २२ के आणि खाली १० के असे दोन रेझिस्टर घाल, म्हणजे १४.४ व्होल्टचे साडेचार होतात. इंडिकेटर लागला की आपले दिवे बंद कर, पण तो स्वतःच लागतो-विझतो, हे विसरू नकोस. शेवटचा झपका दिसल्यावर दीड सेकंद थांबून मगच आपले दिवे पुन्हा सुरू कर.

पिनमधून २० मिलिअँपिअरच्या वर घेऊ नये. दहा वॉटचा दिवा बारा व्होल्टवर आठशेच्या वर ओढतो, म्हणून मध्ये मॉसफेट लागणारच. दुकानात नंबर नीट वाचून घे. आयआरएफझेड ४४ एन पाच व्होल्टवर पूर्ण उघडत नाही आणि तापतो. आपल्याला आयआरएलझेड ४४ एन पाहिजे. एका अक्षराचा फरक, दिसायला दोन्ही सारखेच. गेटपासून अर्थला १० के लाव, म्हणजे बोर्ड सुरू होईपर्यंत दिवे भलतेच चमकत नाहीत.

सेल्फ मारला की बॅटरीचे व्होल्ट पडतात, आणि इंजिन चालू असताना टर्मिनल सुटलं तर अल्टरनेटर क्षणभर कितीतरी जास्त व्होल्ट फेकतो. म्हणून बॅटरीजवळच फ्यूज, त्यापुढं टीव्हीएस डायोड, मग पाच व्होल्टचा बक कन्व्हर्टर. यात पैसे वाचवायचे नाहीत.

टेल लॅम्प मात्र आर्डुइनोतून नेऊ नकोस, त्याची वायर वेगळी आणि थेटच राहू दे. आणि हे दिवे बसवले म्हणून रिफ्लेक्टर काढू नकोस. बॅटरी उतरली, वायर तुटली, तरी मागच्या गाडीच्या उजेडात ते चमकतात.