बाथरूममध्ये कोणतं झाड ठेवावं? आधी उजेड बघा, मग ओल



घरात झाडं ठेवण्याची हौस आता यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा अशा आपल्या सगळ्याच गावांत दिसते. मोबाईलवर फोटो येतात, चकचकीत टाइल्स आणि कोपऱ्यात हिरवंगार झाड. नर्सरीवालाही सांगतो, "बाथरूममध्ये ओल असते, तिथं हे मस्त जगते." आपण कुंडी आणतो. महिना-दीड महिन्यात पानं पिवळी पडतात, देठ बुडाशी कुजतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "आपल्या हाताला झाड लागतच नाही." हाताचा काही दोष नसतो. झाड निवडण्याआधी जागा पाहायची राहून गेलेली असते.

आजच्या पाठात हीच निवड कशी करायची ते पाहू. यात प्रकाशसंश्लेषण, बाष्पोच्छ्वास आणि आर्द्रता हे तिन्ही घटक येतात, म्हणून हा पाठ घरी जितका उपयोगी तितकाच वर्गातही.

१. आपलं बाथरूम किती वेळ ओलं असतं?

मुंबई-कोकणातली हवा वर्षभर दमट असते. आपल्याकडे तसं नाही. जून ते सप्टेंबर हवा ओलसर असते. हिवाळ्यात ती कोरडी होऊ लागते आणि एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ अंशांकडे गेला की दुपारी टांगलेला टॉवेल बघता बघता वाळतो. म्हणजे आपलं बाथरूम सकाळी आंघोळीच्या वेळी दोन-तीन तास ओलं आणि उरलेला दिवस कोरडं. त्यामुळे सतत दमट हवा मागणारं झाड पावसाळ्यात खुलतं आणि उन्हाळ्यात कडेनं जळतं. आपल्याला दोन्ही सोसणारं झाड पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी, की दमट हवेत झाडाला पाणी कमी लागतं. पानांतून वाफ बाहेर पडण्याची क्रिया, म्हणजे बाष्पोच्छ्वास, मंदावतो. कुंडीतली मातीही लवकर सुकत नाही. अशा वेळी रोज मगभर पाणी ओतलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. बाथरूममधली बरीच झाडं तहानेनं मरत नाहीत, जास्तीच्या पाण्यानं मरतात.

२. उजेड म्हणजे झाडाचं जेवण

ओल कितीही असो, उजेड नसेल तर झाड अन्न तयार करू शकत नाही. म्हणून पहिला प्रश्न उजेडाचा. त्यासाठी यंत्र लागत नाही. दुपारी बाराच्या सुमारास दिवा बंद करा, जिथे कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद धरा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा.

- सावलीची कड स्पष्ट दिसली : उजेड चांगला.
- सावली पुसट दिसली : उजेड मध्यम किंवा कमी.
- सावली दिसलीच नाही : इथे झाड जगणार नाही.

आपल्या डोळ्यांवर मात्र विसंबू नका. डोळे अंधाराला सरावतात, झाडाचं तसं नसतं. आपल्याकडच्या बऱ्याच बाथरूमला वर छोटा झरोका असतो आणि त्याला धुरकट काच. झरोक्यापासून खाली जमिनीवर येईपर्यंत उजेड फार कमी होतो. त्यामुळे त्याच बाथरूममध्ये फरशीवर मरणारं झाड झरोक्याजवळच्या फळीवर नीट वाढू शकतं.

३. कोणत्या बाथरूमला कोणतं झाड?

मोठी खिडकी, चांगला उजेड, पण थेट ऊन नाही : इथे स्पायडर प्लांट लावा. हा आपल्या सफेद मुसळीचा जवळचा नातलग आहे, दोघांची प्रजाती एकच, क्लोरोफायटम. मुसळीसारख्याच जाड मुळांत तो पाणी साठवतो, म्हणून चार दिवस विसरलात तरी तग धरतो. नेच्याचं झाड, म्हणजे बोस्टन फर्न, हेही इथे चालतं. मात्र ते ओलीचं लाडकं. उन्हाळ्यात त्याची माती सुकू देऊ नका आणि कूलरच्या थेट झोतात ठेवू नका.

छोटा झरोका, मध्यम किंवा कमी उजेड : मनी प्लांट, सिंगोनियम, ॲग्लोनिमा, स्नेक प्लांट, झीझी. यातले स्नेक प्लांट आणि झीझी हे पाणी साठवून ठेवणारे गडी आहेत, म्हणून माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्या. कमी उजेडात ही झाडं जगतात, पण वाढतात हळू. झपाट्यानं वाढावीत अशी अपेक्षा ठेवू नका.

खिडकी नाहीच : झाड ठेवू नका. इथे आपली जुनी रीत आठवा. न्हाणीचं पाणी बाहेर जिथे निघतं तिथे कर्दळ आणि केळ लावलेली असायची. ओल आणि ऊन दोन्ही तिथे आयतंच मिळतं. कर्दळ तर सांडपाणी शुद्धीकरणाच्या पाणवनस्पतींच्या वाफ्यांतही लावतात. फिनाईल, ॲसिड आणि डिटर्जंटचं पाणी जात असेल तर तिथला अळू भाजीसाठी वापरू नका, एवढं पथ्य पाळा.

इथे नकोच : तुळस, गुलाब, कोरफड, निवडुंग. यांना ऊन लागतं.

४. घरात लहान मूल असेल तर

आता पालकांनी नीट लक्ष द्या. मनी प्लांट, सिंगोनियम, ॲग्लोनिमा, झीझी, पीस लिली आणि ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं डिफेनबेकिया ही सगळी अळूच्या कुळातली आहेत. अळूच्या भाजीत चिंच किंवा आमसूल का घालतो? घशाला खाजू नये म्हणून. ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते. तेच स्फटिक या झाडांत आहेत. फरक एवढाच, की अळू आपण शिजवून खातो आणि मूल हे पान कच्चंच चावतं. तोंडाची आग होते, लाळ गळते, जीभ सुजते. डिफेनबेकियाचा त्रास यात जास्त होतो.

असं घडलं तर तोंडातले तुकडे काढा, ओल्या फडक्यानं तोंड पुसा, चूळ भरायला लावा. उलटी करवू नका. सूज आली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच दवाखान्यात न्या आणि पानाचा तुकडा सोबत घ्या.

रांगतं मूल असलेल्या घरात, अंगणवाडीत आणि शाळेत स्पायडर प्लांट किंवा बोस्टन फर्न निवडा. ही दोन्ही विषारी नाहीत. मनी प्लांट ठेवायचाच असेल तर हात पोहोचणार नाही इतका उंच टांगा. खाली लोंबणारी वेल वेळोवेळी छाटा.

५. पाणी : किती, कुठलं आणि कशात?

२०१८ चा उन्हाळा यवतमाळकर विसरणार नाहीत. निळोणा आणि चापडोह आटले आणि शहर टँकरवर आलं. अशा जिल्ह्यात झाड निवडताना "हे उन्हाळ्यात किती पाणी मागेल?" हा प्रश्न विचारायलाच हवा. स्नेक प्लांट, झीझी आणि स्पायडर प्लांट या कसोटीला उतरतात, फर्न उतरत नाही.

आता पाण्याच्या गुणाबद्दल. स्पायडर प्लांटच्या पानांची टोकं तपकिरी होतात, अशी तक्रार नेहमी येते. कोरडी हवा आणि मातीत साचलेले क्षार ही त्याची कारणं असतातच, पण हे झाड फ्लोराइडलाही संवेदनशील आहे. पाण्यातलं फ्लोराइड मुळांतून वर चढतं, पाणी वाफ होऊन उडतं आणि फ्लोराइड टोकाशी साचत जातं. पांढरकवडा परिसरातल्या भूजलात फ्लोराइड जास्त असल्याचं अभ्यासांत आढळलं आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून बोअरचं पाणी देत असाल तर या झाडासाठी पावसाचं पाणी साठवून वापरून पाहा.

पण पानाच्या टोकावरून पाण्याचा निकाल लावू नका. झाड ही प्रयोगशाळा नाही. मुलांच्या दातांवर पांढरट किंवा तपकिरी डाग दिसत असतील तर पिण्याचं पाणी तपासून घ्या. भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं आणि दुसरा स्रोत नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत.

तिसरं, बाटलीतला मनी प्लांट. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आपल्याकडच्या उष्ण हवेत आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणूनच आरोग्य विभाग आठवड्यातून एक "कोरडा दिवस" पाळायला सांगतो. त्या दिवशी बाटलीचं आणि कुंडीखालच्या ताटलीचं पाणी ओता. नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही काही महिने टिकतात. ब्रशनं घासा. इतकं जमणार नसेल तर सरळ मातीत लावा.

६. दोन गैरसमज

"हे झाड रात्री ऑक्सिजन देतं." स्नेक प्लांट रात्री पर्णरंध्रं उघडतं आणि कार्बन डायऑक्साइड साठवतं, इथपर्यंत खरं आहे. पण ऑक्सिजन तयार होतो तो पाण्याच्या विघटनातून, आणि त्याला उजेड लागतो. रात्री झाड आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतं.

"झाडं बाथरूमची ओल आणि वाईट हवा शोषून घेतात." झाड मुळांनी पाणी घेऊन पानांनी हवेत सोडतं, म्हणजे ओल थोडी वाढवतंच. हवा शुद्ध करण्याची गोष्ट १९८९ च्या नासाच्या प्रयोगातून पसरली, पण तो बंद पेटीत केलेला प्रयोग होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. झरोक्यातून सहज येणाऱ्या हवेइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा हिशेब त्यात निघाला. तेव्हा ओल आणि वासासाठी झरोका उघडा. झाड ठेवा ते डोळ्यांना बरं वाटतं म्हणून.

७. मुलांकडून करून घ्या

१. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि दोन्ही बाथरूममध्ये टांगा. आंघोळीनंतर लगेच आणि दुपारी तीनला दोन्हींचं वाचन लिहा. फरक कमी तर हवा दमट, फरक जास्त तर हवा कोरडी. कूलर कसा थंड करतो, तेही यातूनच समजावता येतं.

२. मनी प्लांटच्या दोन फांद्यांवर पारदर्शक पिशव्या बांधा. एक कुंडी उजेडात आणि दुसरी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. संध्याकाळी कोणत्या पिशवीत थेंब जास्त दिसतात?

३. घरातल्या झाडांची यादी करायला सांगा : नाव, जागा, सावलीची कड स्पष्ट की पुसट, लहान मुलाचा हात पोहोचतो का, खाली पाणी साचतं का.

ही यादी हातात आली की कोणती कुंडी हलवायची आणि कोणती टांगायची हे मुलंच सांगतील. नवं झाड आणायला नर्सरीत जाल तेव्हा तीच यादी सोबत न्या आणि "बाथरूमसाठी झाड द्या" असं मोघम सांगण्याऐवजी तुमच्या खिडकीचं वर्णन करा. पहिलं झाड एकच आणा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्यानं काढला, की दुसरं आणायला हरकत नाही.