गोळी गिळायची की जिभेखाली ठेवायची?

या वेळचा आरोग्यपाठ मी माझ्याच एका चुकीपासून सुरू करते.

बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या एका पाड्यावर आमचा आठवड्याचा आरोग्यवर्ग भरतो. दोन पावसाळ्यांपूर्वी वर्ग चालू असतानाच एका वारली आजोबांच्या छातीत दुखू लागले. डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेटची गोळी त्यांच्या बंडीच्या खिशातच होती. मी घाईघाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. आजोबांनी गोळी गिळली आणि दुखणे होते तसेच राहिले. तेवढ्यात आजी ओरडत आल्या, "अगं, ती जिभेखाली ठेवायची!" त्यांनी दुसरी गोळी ठेवायला लावली. काही मिनिटांत आजोबांना श्वास मोकळा वाटू लागला आणि रिक्षाने आम्ही रुग्णालय गाठले. आजोबा आज बरे आहेत. आजी मात्र मला अजून 'पाणीवाली बाई' म्हणतात.

असे का झाले? गिळलेले औषध आतड्यातून रक्तात शिरते आणि ते रक्त आधी यकृतात जाते. यकृत म्हणजे शरीराचा जकातनाका. सॉर्बिट्रेटचा बराच भाग तिथेच मोडला जातो. उरलेला हृदयापर्यंत पोहोचतो, पण उशिरा. आता आरशासमोर जीभ वर करून पाहा. खाली पातळ, ओले अस्तर आणि निळ्या शिरा दिसतील. तिथे विरघळलेले औषध गळ्यातल्या शिरांवाटे थेट हृदयाकडे जाते, यकृत वाटेत लागत नाही. गालाच्या आतले अस्तर याहून जाड असते. टाळू आणि हिरड्या तर चावण्याचा मार सोसण्यासाठी कडक झालेल्या, तिथून औषध फारसे आत जात नाही.

हे शास्त्र पाड्यावर कुणाला नवे नाही, फक्त त्याचे नाव ठाऊक नाही. तंबाखूला चुना कशाला लावतात? चुन्याने तंबाखू क्षारयुक्त होते आणि निकोटीन गालाच्या अस्तरातून झटकन रक्तात उतरते. म्हणजे तळहातावर मळताना आपण औषध कारखान्यासारखीच तयारी करतो, फक्त विषाची! मशेरीचेही तेच. सुपारी-गुटख्याने हे अस्तर हळूहळू ताठ होते, तोंड दोन बोटेही उघडत नाही, पुढे कर्करोगाची भीती. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात हे मात्र वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होते.

एका ताईने छान प्रश्न विचारला: "मग पोलिओचे थेंबही जिभेखाली टाकायचे का?" नाही. परळच्या हाफकिनमध्ये बनणारी ही लस तोंडात पडते, पण तिचे काम आतड्यात चालते. त्यातला दुबळा केलेला विषाणू आतड्यात वाढतो आणि तिथेच शरीराला लढायला शिकवतो. म्हणून बाळाने थेंब लगेच थुंकले तर पुन्हा द्यावे लागतात. याच थेंबांच्या बळावर २०११ च्या जानेवारीनंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडलेला नाही.

तोंडाच्या अस्तरातूनच लस देण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. सुई नाही, बाळाचे रडणे नाही! पण अडचणी दोन. लाळ लस धुऊन पोटात नेते. आणि हे अस्तर दिवसभर भाकरी, मासे, चिंच पाहते. प्रत्येक घासाशी भांडून कसे चालेल? म्हणून नवख्या वस्तूला सहन करायची त्याला सवय आहे. धुळीच्या ॲलर्जीवर जिभेखाली औषध देतात ते याच सवयीचा फायदा घेऊन. लशीला नेमके उलटे हवे, तिला अस्तर जागे करायचे असते. म्हणून तिच्यासोबत जागे करणारे आणखी काही द्यावे लागते.

घरात कुणाला ही गोळी दिलेली असेल तर एवढे पाळा. आधी रुग्णाला बसवा, कारण रक्तदाब उतरून चक्कर येते. तोंडातली तंबाखू थुंकायला लावा. गोळी जिभेखाली विरघळू द्या, पाणी देऊ नका. पाच मिनिटांत दुखणे थांबले नाही तर १०८ ला फोन करा. दुसऱ्याच्या नावाची गोळी कुणालाही देऊ नका. आणि तापाची, पोटाची गोळी पाण्याबरोबरच घ्या. कालच एका काकांनी ती जिभेखाली ठेवून तोंड कडू करून घेतले!

पुढच्या वर्गात तोंड तपासायला शिकू. येताना प्रत्येकाने आरसा आणा, बॅटरी मी आणते.