कारखान्यातले शब्द आणि जीआरईची परीक्षा

पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या आमच्या मुलामुलींना जीआरईतील इंग्रजी शब्दांची धास्ती वाटते. आम्हीही मराठी माध्यमातलेच. वर्णानुक्रमे यादी पाठ करायला बसलो आणि 'बी' अक्षराच्या पुढे काही गेलो नाही! वास्तविक विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न २०११ सालीच बंद झाले. आता वाक्यातील गाळलेली जागा भरायची असते.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, यादी बाजूला ठेवा आणि भोसरी-चाकणला कामाला जाणारे वडील कोणते शब्द बोलतात ते ऐका. ग्राइंडिंगचा 'अब्रेझिव्ह' दगड घासून काढतो. परीक्षेत तोच शब्द खरखरीत स्वभावाच्या माणसाला लागतो. 'अलॉय' म्हणजे मिश्रधातू, म्हणून 'अनअलॉइड' आनंद म्हणजे निर्भेळ आनंद. 'गॅल्व्हनाइज' केलेला पत्रा आपल्या घरांवर आहेच; पण वाक्यात त्याचा अर्थ लोकांना चेतवून कामाला लावणे. (इटलीच्या गॅल्वानीने मेलेल्या बेडकाचे पाय विजेने हलवले, त्याच्या नावावरून हा शब्द आला.)

सर्वांत फसवा 'टेम्पर'. आम्ही तो 'राग' समजून उत्तर चुकवले. पाणी दिलेले पोलाद कडक होते, पण ठिसूळही होते. ते पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी करतात, ते टेम्परिंग. म्हणून टीका 'टेम्पर' करणे म्हणजे सौम्य करणे. हे आम्हाला पुस्तकाने नव्हे, हीट ट्रीटमेंट खात्यातल्या शेजारच्या काकांनी समजावले.

रोज पाच शब्द घ्या, प्रत्येकाचे स्वतःचे वाक्य वहीत लिहा. रात्रपाळी असेल त्या दिवशी तीन चालतील.