मुंबई हाय : काल, आज आणि उद्या
(बी. ए. भाग २)

मलकापूरच्या पेट्रोल पंपावर आंबा घाट चढून आलेले ट्रक आणि उसाचे ट्रॅक्टर एकाच रांगेत उभे असतात. हे डिझेल मुळात येते कोठून, असा प्रश्न मला अर्थशास्त्राच्या तासाला पडला. त्याचे उत्तर शोधता शोधता मी थेट अरबी समुद्रात जाऊन पोहोचलो.

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे देशी तेल म्हणजे आसामातले दिग्बोई, एवढीच आपली पुंजी होती. १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. १९७३-७४ मध्ये जगात तेलाचे भाव चौपट झाले आणि नेमक्या त्याच सुमारास, १९७४ साली, 'सागर सम्राट' या वेधनमंचाला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राच्या तळाखाली तेल सापडले. मे १९७६ पासून उत्पादन सुरू झाले.

जमिनीखाली तेलाचे तळे असते, अशी माझी समजूत होती. ती चूक निघाली. आपल्याकडे जांभ्या दगडाच्या छिद्रांत पाणी मुरते, तसे तेथे चुनखडकाच्या छिद्रांत तेल असते. खडकातल्या दाबामुळे ते वर येते. उपसा वाढला की दाब घटतो, म्हणून खाली समुद्राचे पाणी सोडावे लागते, आणि पुढे पुढे तेलाबरोबर पाणीच जास्त येऊ लागते. १९८९ च्या सुमारास दिवसाला ४ लाख बॅरलांहून अधिक तेल देणारे हे क्षेत्र आता बरेच ओसरले आहे. (एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर.) या तेलाची किंमत पैशांतच मोजून भागत नाही. जुलै २००५ मध्ये येथील एका फलाटाला आग लागून २२ जण दगावले.

आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून येते. मुंबई हायचे उत्पादन वाढविण्यासाठी २०२५ मध्ये ब्रिटनच्या बीपी कंपनीशी करार झाला आहे. परंतु जुन्या खडकातून किती निघणार? पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल २०२५ मध्ये गाठली गेली. ऊस पिकविणाऱ्या आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट जवळची वाटेल. मात्र ऊस पाणी किती पितो, तेही आपणच पाहतो.

राहिला घाटाखालच्या राजापूर तालुक्यातील तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा प्रश्न. नाणारचे भूसंपादन २०१९ मध्ये रद्द झाले. मग बारसूचे नाव पुढे आले आणि २०२३ मध्ये तेथील माती परीक्षणाला गावकऱ्यांनी विरोध केला. आमच्या वर्गातही यावरून दोन तट आहेत. 'देश स्वावलंबी होईल' हा समर्थकांचा मुद्दा मला पटत नाही, कारण शुद्धीकरण कारखाना तेलाचा थेंबही निर्माण करीत नाही. कच्चा माल बाहेरूनच येणार. रोजगाराचा मुद्दा मात्र खरा आहे. पदवी घेऊन पुण्याची एस.टी. धरणाऱ्या आम्हा मुलांना तो नाकारता येत नाही. पण मग नोकऱ्या नेमक्या किती, कोणाला आणि कोणाच्या आंब्याच्या बागा देऊन, हे आधी कागदावर मांडावे.